आधी प्रसंग, मग पवित्रा

(मुलींना स्वसंरक्षणाचे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षकांच्या शिबिरात समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आज सकाळी मैदानावर झालेली प्रात्यक्षिके आपल्याबरोबर मीही पाहिली. साठ मुली सहा रांगांत उभ्या होत्या. शिट्टी वाजली की साठ मुठी एकदम पुढे येत आणि साठ कंठांतून एकच आरोळी उमटे. डोळ्यांचे पारणे फेडणारे ते दृश्य होते, आणि टाळ्या वाजविण्यात मीही मागे नव्हतो. कार्यक्रम आटोपल्यावर फाटकाकडे जाताना एका मुलीने आपल्या शिक्षिकेला विचारलेला प्रश्न मात्र माझ्या कानावर पडला, आणि लिहून आणलेले भाषण मी खिशातच ठेवून दिले. ती विचारीत होती, "ताई, एस. टी.च्या गर्दीत मागून कोणी चिकटून उभा राहिला, तर ह्यातला कितवा हात मारायचा?" शिक्षिका हसल्या. मीही हसलो. उत्तर मात्र आम्हा दोघांपाशीही नव्हते.

आज मला त्या प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे. आपल्या शिबिरांतून आपण जे शिकवितो ते त्या मुलीच्या कामी येणार आहे काय, आणि येणार नसेल तर त्यात कोणता बदल करावा लागेल?

रांगेतील कवायतीला मी कमी लेखत नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली आणि शाखेच्या मैदानावर मुलींच्याही हाती लाठी आणि लेझीम आली, ही त्या काळच्या महाराष्ट्रात सामान्य गोष्ट नव्हती. मान खाली घालून चालण्याचे वळण लागलेल्या मुलीने चारचौघांत ताठ उभे राहून आरोळी ठोकावी, यात तिच्या शरीराचे आणि मनाचेही शिक्षण आहे. परंतु कवायत ही एक विद्या आणि बचाव ही दुसरी. हवेत मारलेल्या ठोशाला हवा उलट उत्तर देत नाही. आज शाळाशाळांतून जे रांगेतले कराटे दिसते, त्याचा उगमही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावात आंको इतोसू यांनी ही विद्या शाळांत नेली. एका वेळी पुष्कळ मुलांना शिकविता यावे आणि त्यांची प्रकृती व शिस्त सुधारावी, हा तेथील हेतू होता. हेतू उत्तम होता. पण शाळेच्या तासाला सोयीचे पडावे म्हणून जो साचा तयार झाला, तोच रस्त्यावरही पुरेल असे आपण धरून चाललो, ही चूक आपली आहे.

ह्या दोहोंतील अंतर ज्यांनी फार पूर्वी ओळखले, ते जिगोरो कानो हे जपानमधील एक शिक्षक होते. जुन्या जुजुत्सूच्या शाखांतून त्यांनी विद्या घेतली आणि १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या जागेत मूठभर शिष्यांना घेऊन ज्युदोची शाळा काढली. जुन्या विद्येत सांधे मोडणारे, डोळा निकामी करणारे घातक प्रकार होते. परंतु ते इतके घातक होते, की त्यांचा सराव सगळा जोर लावून करणे कोणालाच शक्य नव्हते. दोघांनी आधी ठरवून, हळू हाताने ते केवळ गिरवावयाचे. कानोंनी मोकळ्या सरावातून हे प्रकार काढून टाकले आणि दोघांनाही सगळी शक्ती लावता येईल एवढेच डाव ठेवले. प्रथमदर्शनी विद्या सौम्य झाली. प्रत्यक्षात शिष्याला जी सवय लागली ती मोलाची होती: समोरचा माणूस आपल्याला डाव लागू देत नाही, तो ओढतो, ढकलतो, फसवितो, आणि तरीही आपले डोके शांत ठेवावयाचे असते. मोजके, साधे डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर घोटले, तर ते शेकडो प्राणघातक हातांपेक्षा अधिक कामाचे ठरतात, हा त्या सुधारणेचा गाभा होय.

आपल्या तालमीतील वस्तादांना हे जपानकडून शिकण्याची गरज नव्हती. लाल मातीत उतरलेला पोर पहिल्याच महिन्यात जाणतो, की ढाक सांगून लागत नाही आणि समोरचा आपली पाठ सुखासुखी देत नाही. तरीही आखाडा म्हणजे रस्ता नव्हे. आखाड्यात वजन पाहून जोड लावतात, पंच उभा असतो, पायाखाली मऊ माती असते, आणि कुस्ती केव्हा सुरू होणार हे दोघांनाही ठाऊक असते. रस्त्यावर ह्यांपैकी काहीच नसते. तेथे समोर एकाऐवजी तिघे असतील. मुलीच्या खांद्यावर दप्तर, पायांत चप्पल आणि गळ्यात ओढणी असेल. जागा जिन्याच्या वळणाएवढी असेल. आणि मुख्य म्हणजे, आता प्रसंग सुरू झाला आहे, हे सांगणारी शिट्टी तेथे वाजत नाही.

मग आखाड्यातील विद्या रस्त्यावर आणावयाची कशी? ह्याचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत सापडते. चळवळीच्या माणसांनी ते मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

१८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे स्त्रियांचे शिष्टमंडळ लंडनमध्ये पार्लमेंटकडे निघाले. काही तास पोलिसांनी आणि जमावातील पुरुषांनी त्यांना ढकलले, मारले, आणि ज्याविषयी त्या काळी सभ्य घरात बोलतही नसत अशा रीतीने त्यांच्या अंगावर हात टाकले. तो दिवस तेथील इतिहासात काळा शुक्रवार म्हणून नोंदला गेला. पुढे १९१३ साली सरकारने एक नवा कायदा केला. तुरुंगात उपोषण करणारी स्त्री अशक्त झाली की तिला सोडावयाचे आणि जरा बरी झाली की पुन्हा पकडावयाचे. लोकांनी त्याला 'मांजर-उंदराचा कायदा' हे नाव दिले. एमेलिन पँकहर्स्ट यांना अशी पुनःपुन्हा होणारी अटक टाळता यावी म्हणून त्यांच्या संघटनेने सुमारे तीस स्त्रियांचे एक संरक्षक दल उभारले. त्यांना शिकविण्याचे काम एडिथ गॅरूड ह्या बाईंकडे आले.

गॅरूडबाईंची उंची पाच फुटांहूनही कमी होती. लंडनमध्ये राहणाऱ्या एका जपानी शिक्षकाकडून त्या जुजुत्सू शिकल्या होत्या. आपल्याला शिकण्यासारखे आहे ते पुढेच. ही विद्या त्यांनी जशीच्या तशी पुढे दिली नाही. १९१० साली त्यांची जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत त्या पायघोळ झगा आणि टोपी अशा रस्त्यावरच्या पोशाखात, पोलिसाचा गणवेश घातलेल्या पुरुषाशी झुंजताना दिसतात. म्हणजे त्यांनी आधी प्रसंग पाहिला. आपल्या बाईला कोण धरणार आहे, तो कसा धरतो, त्या वेळी तिच्या अंगावर काय असते, हे पाहिले आणि मग त्या प्रसंगाला पुरतील तेवढेच डाव निवडले. दलातील स्त्रिया पोशाखाच्या आत पुठ्ठ्याचे कवच बांधीत आणि मुद्गल लपवून नेत. होय, मुद्गलच! आपल्याकडच्या तालमीतला मुद्गल एकोणिसाव्या शतकात व्यायामाचे साधन म्हणून इंग्लंडात गेला होता आणि तेथील मध्यमवर्गीय घरांतून स्त्रियाही तो फिरवीत असत. घरात व्यायामाची वस्तू म्हणून असलेले साधन त्यांनी प्रसंगाच्या कामी लावले.

ह्या दलाचे सर्वांत मोठे यश मारामारीत नव्हतेच. १९१४ च्या फेब्रुवारीत पँकहर्स्टबाईंनी लंडनमध्ये एका सज्जातून भाषण केले. भाषण संपल्यावर त्यांच्यासारखाच पोशाख केलेली, तोंडावर जाळी घेतलेली दुसरी स्त्री दलाच्या गराड्यात बाहेर पडली. पोलीस तिच्यावर तुटून पडले आणि खऱ्या पँकहर्स्टबाई निसटून गेल्या. पुढच्याच महिन्यात ग्लासगोच्या सभेत मात्र व्यासपीठाच्या फुलांच्या माळांत काटेरी तार लपविलेली असूनही, आणि दलाच्या स्त्रिया शर्थीने लढूनही, त्यांना अटक झालीच. दोन्ही घटना आपण शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. जेथे निसटून जाण्याची योजना होती तेथे दल जिंकले. जेथे संख्येने आणि बळाने वरचढ असलेल्या पोलिसांशी समोरासमोर झुंज झाली तेथे ते हरले. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ साली सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने जो मताधिकार मिळाला, तो जुजुत्सूने मिळाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या स्त्रिया एकेकट्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांची विद्या संघटनेच्या कुशीत वाढली होती.

आता आपल्या मैदानाकडे परत येऊ. शाळेतील मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण शिक्षणाची सरकारी योजना आहे. तीन महिन्यांत कोणी पहिलवान होत नाही. पण काय शिकवावयाचे हे नीट ठरविले, तर तेवढा काळ थोडाही नाही.

पहिली गोष्ट भीतीची. संकटात हृदय धडधडते, हात कापतात, बोटांची नाजूक कामे जमत नाहीत, नजर एका बिंदूवर खिळते. मनगटाला अमुक अंशात पीळ देण्याचा डाव अशा वेळी आठवतही नाही. आठवते ते साधे, सगळ्या अंगाचे काम: तळहाताचा फटका, कोपर, गुडघा, घट्ट पकडीतून अंगठ्याच्या बाजूने हात सोडविणे, पडल्यावर उठणे, आणि पळणे. हे थोडेच शिकवावे, पण विरोध करणाऱ्या जोडीदारावर, गोंगाटात, दमलेल्या अंगाने आणि रोजच्या कपड्यांत शिकवावे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एक पद्धत निघाली. तीत शिक्षक डोक्यापासून पायापर्यंत जाड गाद्यांचे चिलखत घालतो आणि शिकणारी स्त्री त्याला हातचे न राखता मारते. पुष्कळदा सरावाचा आरंभच ती जमिनीवर पडलेली असताना होतो. आपल्याकडे असे चिलखत परवडत नसेल, तर जुन्या गाद्या आणि ज्वारीची रिकामी पोती तरी आहेतच.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपल्या मुली आरोळी ठोकतात, पण "हात काढा" हे दोन शब्दांचे वाक्य ओळखीच्या माणसाला स्पष्ट सांगताना त्यांची जीभ टाळूला चिकटते. ह्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहा. नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. तो नातलग असतो, शेजारी असतो, मालक असतो, लग्नाचे वचन देणारा असतो. आपले सारे डाव मात्र अंधारातून झडप घालणाऱ्या अनोळखी माणसासाठी रचलेले! मामाच्या वयाच्या माणसाला काय पहिला ठोसा मारणार? तेथे आधी लागते ती स्वतःच्या संशयावर विश्वास ठेवण्याची आणि नाही म्हणण्याची शक्ती.

हे केवळ माझे मत नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला चार सत्रांत मिळून बारा तासांचे शिक्षण दिले. दुसऱ्या गटाला माहितीपत्रके दिली. पुढच्या वर्षभरात बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के, तर शिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के आढळले. ह्या बारा तासांत हातापायांच्या झुंजीचे शिक्षण अवघे दोन तासांचे होते. उरलेला वेळ धोका कसा ओळखावा, ओळखीच्या माणसाला विरोध करताना मन का कचरते आणि आपल्याला काय हवे-नको ते कसे बोलावे, ह्यांवर खर्च झाला होता. आपल्या शिबिरांचे वेळापत्रक ह्याच्या अगदी उलट आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. बलात्काराच्या वा आम्ल फेकण्याच्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. परंतु बचावापुरते आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोक्याची वाजवी भीती सरली की हा हक्कही सरतो. म्हणून, खाली पडलेल्याला आणखी दोन लाथा घालण्याचा जो 'शेवटचा हात' काही शिक्षक शिकवितात, तो बचाव नव्हे. कायद्यातही नव्हे आणि शहाणपणातही नव्हे. गांधीजींच्या वाटेने जाणाऱ्या आपल्या काही मित्रांना ह्या विषयाचाच संकोच वाटतो. त्यांना एवढेच स्मरण करून द्यावेसे वाटते, की भ्याडपणा आणि हिंसा ह्या दोहोंतूनच निवड करावयाची झाल्यास हिंसा बरी, असे गांधीजींनीच १९२० साली 'यंग इंडिया'त लिहिले होते. सुटण्यापुरता प्रतिकार आणि सूड ह्यांतली रेषा मात्र आपण प्रत्येक तासाला आखून दाखविली पाहिजे.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नसावा, हा त्या निर्णयातील एक मुख्य आधार होता. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे तत्त्व कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत यावयास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

हा इतिहास मी ह्या मैदानावर का सांगतो? २०१७ साली स्टॉकहोममधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर तेथील चिकित्सालयात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांचे शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजून गेले होते. हात उचलावा असे वाटूनही तो उचलला जात नाही, ही देहाची प्रतिक्रिया आहे. तिचा धैर्याशी संबंध नाही. आपल्या शिबिरातून प्रशस्तिपत्र घेऊन गेलेली एखादी मुलगी उद्या अशीच थिजली, तर गाव विचारील, "एवढे कराटे शिकली होतीस ना? मग का नाही मारलेस?" जो प्रश्न न्यायालयातून हद्दपार करावयाला चळवळीला चार दशके लागली, तो आपल्या प्रशस्तिपत्राच्या पाठीवर बसून पुन्हा घरात शिरेल. म्हणून पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलीला, आणि तिच्या आईबापांनाही, आपण सांगितले पाहिजे: प्रतिकार हा तुझा हक्क आहे, तुझी परीक्षा नव्हे. जे घडले त्याचा दोष करणाऱ्याचा आहे, तू लढलीस तरी आणि तुला लढता आले नाही तरी.

शेवटी त्या एस. टी.तल्या प्रश्नाकडे येतो. तिला कितवा हात मारावयास सांगणार? मी म्हणेन, पहिला हात आवाजाचा. मान वळवून, त्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणावयाचे, "निळा शर्टवाले, मागे सरका, अंगाला अंग लावू नका." दुसरा हात वाहकाला हाक मारण्याचा. तिसरा, जागा मिळताच तेथून दूर होण्याचा. आणि वाट अडवून त्याने धरलेच, तर कोपर आहे, त्याचा घोटून घेतलेला सराव आहे. हे चारही हात खऱ्या बाकांच्या दोन रांगा मांडून, तीस मुली त्यांत दाटीने उभ्या करून, पाठीवर दप्तरे असताना शिकवावयाचे. असा पाठ घ्यायला गाद्याही लागत नाहीत.

परंतु गाडीत पन्नास प्रवासी असतात. ती ओरडल्यावर त्या पन्नासांनी खिडकीबाहेर पाहावयाचे ठरविले, तर आपण शिकविलेला पहिला हात वाया गेला. तेव्हा त्याच शाळेतील मुलांचाही एक तास घ्या. 'तू उठून तिच्या बाजूला उभा राहा आणि त्याला मोठ्याने विचार', ह्याचाही सराव करवून घ्या. गावच्या आगारात जाऊन वाहकांशी बोला, ग्रामसभेत विषय मांडा. गॅरूडबाईंच्या तीस शिष्यांमागे एक संघटना उभी होती. आपल्या साठ मुलींमागे कोण उभे आहे, ह्याचे उत्तर आपण दिले पाहिजे. ते त्या मुलींवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पुढच्या शिबिरात साठ मुठी एकदम पुढे आल्या नाहीत तरी चालेल. त्या मुलीने पुन्हा प्रश्न विचारला, तर तिच्या ताईंना हसून वेळ मारून न्यावी लागू नये, एवढे आपण करू या.